मोठा भाऊच जेव्हा बाप होतो : 'टेक्स' या कादंबरीचा अभ्यास



आज आपण एका परदेशी कादंबरीची ओळख करून घेणार आहोत. कादंबरीचं नाव 'टेक्स', लेखिका एस. ई. हिंटन. कादंबरी अमेरिकेतली असली तरी तिच्यातलं घर आपल्याला अगदी ओळखीचं वाटतं. गावाकडचं घर आहे. आई नाही, वडील कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर आणि घरात दोनच भाऊ. मोठा सतरा वर्षांचा, धाकटा चौदाचा. मोठ्याला घर चालवायचंय आणि धाकट्याला घोडा नि मोटारसायकल सोडून दुसरं काही सुचत नाही.

इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना ही गोष्ट मराठीतून सांगता येते, तिच्यावर चर्चा घेता येते. मी ती कशी घेते, कोणता भाग सांगते आणि कोणता गाळते, ते या लेखात देत आहे.

लेखिकेचा परिचय

हिंटन यांचा जन्म अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात झाला. शाळेत असतानाच त्यांनी 'द आउटसायडर्स' ही कादंबरी लिहायला घेतली. ती १९६७ साली प्रकाशित झाली. त्यांचं पूर्ण नाव सुझन एलोइज हिंटन. पण मुलांच्या मारामाऱ्यांवरचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय हे कळलं तर समीक्षक ते बाजूला ठेवतील, असं प्रकाशकांना वाटलं. म्हणून पुस्तकावर फक्त आद्याक्षरं छापली. ही माहिती वर्गात जरूर सांगावी. मुली कान टवकारून ऐकतात आणि "मग नंतर कळलं का लोकांना?" असा प्रश्न हमखास येतो.

पुढे 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' (१९७१), 'रम्बल फिश' (१९७५) आणि मग 'टेक्स' (१९७९) अशा त्यांच्या कादंबऱ्या आल्या. किशोरवयीन वाचकांसाठी केलेल्या लेखनाबद्दल अमेरिकेत मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार दिला जातो. १९८८ साली तो पहिल्यांदा दिला गेला आणि तो हिंटन यांनाच मिळाला. 'टेक्स'वर १९८२ मध्ये चित्रपटही निघाला. त्यात मॅट डिलन या नटाने टेक्सची भूमिका केली होती. लेखिकेनेही त्यात शिक्षिकेची एक छोटी भूमिका केली आहे.

पात्रे

टेक्स मॅककॉर्मिक : चौदा वर्षांचा. गोष्ट हाच सांगतो. मनाने चांगला, पण उतावीळ. आधी करतो, मग विचार करतो.

मेसन : टेक्सचा मोठा भाऊ. शाळेच्या शेवटच्या वर्षाला. बास्केटबॉल उत्तम खेळतो. खेळाच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवायची आणि या गावातून बाहेर पडायचं, हे त्याचं स्वप्न.

पप्पा : दोघांचे वडील. रोडिओच्या मागे गावोगाव फिरणारे. रोडिओ म्हणजे उधळलेल्या घोड्यावर, बैलावर बसून दाखवण्याच्या स्पर्धा. आपल्याकडे काहींना बैलगाडा शर्यतीचा नाद असतो ना, तसंच काहीसं. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, पण घरी पैसे पाठवायचं त्याच्या ध्यानात राहत नाही.

जॉनी कॉलिन्स : टेक्सचा जिवलग मित्र. याच्याकडे मोटारसायकल आहे.

जेमी : जॉनीची बहीण. बोलायला फटकळ, विचाराने पक्की.

मिस्टर कॉलिन्स : जॉनी-जेमीचे वडील. पैशाने सुखवस्तू, शिस्तीला फार कडक.

कथानक थोडक्यात

वडील कित्येक महिने घरी आलेले नाहीत. बिलं थकलीत. हिवाळा तोंडावर आलाय आणि दोन घोड्यांना खायला घालायचं कुठून, हा प्रश्न आहे. एके दिवशी मेसन दोन्ही घोडे विकून टाकतो. त्यातला नेग्रिटो हा टेक्सचा जीव की प्राण. टेक्स पिसाळतो. दोघा भावांत भयंकर मारामारी होते आणि टेक्स घोडा शोधायला घराबाहेर पडतो. मेसन त्याला परत आणतो, पण घोडा काही परत येत नाही.

घोडा गेल्यावर टेक्सचा वेळ जॉनीबरोबर आणि त्याच्या मोटारसायकलवर जाऊ लागतो. गावाबाहेर मोकळ्या जागेत पोरं गाड्या उडवायला जमतात. तिथल्या ओढ्यावरून गाडी उडवून पलीकडे न्यायची अशी पैज लागते. जॉनीला ते जमत नाही. पोरं हसतात. टेक्सला ते सहन होत नाही, तो जॉनीचीच गाडी घेतो आणि ओढा पार करून दाखवतो. त्याला वाटतं, आपण मित्राची बाजू राखली. पण जॉनीला हा अपमान वाटतो आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

इकडे मेसनच्या पोटात सतत दुखत असतं. शहरातल्या दवाखान्यात तपासणी होते. निदान होतं अल्सर, तेही सतराव्या वर्षी! परत येताना रस्त्यात हात दाखवणाऱ्या एकाला ते गाडीत घेतात. तो निघतो तुरुंगातून पळालेला कैदी. तो पिस्तूल रोखतो. पाठीमागे पोलीस लागलेत हे पाहून टेक्स गाडी थेट रस्त्याकडेच्या खड्ड्यात घालतो. त्यामुळे दोघे भाऊ वाचतात. ही बातमी टीव्हीवर झळकते, ती वडील बघतात आणि घरी येतात.

वडील आले म्हणजे सगळं सुरळीत होईल असं टेक्सला वाटतं. घोडा परत आणून देतो, असा शब्दही ते देतात. पण नवा मालक घोडा परत द्यायला तयार नाही. वडिलांनी दिलेला शब्द हवेत विरतो. त्यांच्या बोलण्यावर मेसनचा विश्वास कधीच उडालाय. टेक्स मात्र आशा धरून बसतो.

पुढे शाळेत टाइपरायटरच्या वर्गात केलेल्या एका खोडीवरून टेक्सच्या घरच्यांना बोलावलं जातं. तिथे रागाच्या भरात मेसनच्या तोंडून एक गोष्ट निघते आणि ती टेक्सच्या कानावर पडते : पप्पा हे टेक्सचे जन्मदाते वडील नाहीत. टेक्स तिथून निघून जातो, एका चुकीच्या सोबतीबरोबर चुकीच्या ठिकाणी पोचतो आणि गोळी लागून मरता मरता वाचतो.

शेवटी दोघे भाऊ समोरासमोर बसून बोलतात. आता मेसनचं कॉलेजचं दार उघडलंय, पण टेक्सला मागे सोडून जायला त्याचा पाय निघत नाही. तेव्हा टेक्सच त्याला जा म्हणून सांगतो. स्वतः तो घोड्यांच्या एका फार्मवर काम धरतो. एक भाऊ गाव सोडणार, दुसरा गावात राहणार. आणि दोघांचंही बरोबर आहे.

अभ्यासाचे मुद्दे

१) गोष्ट कोण सांगतंय?

संपूर्ण कादंबरी टेक्स 'मी' म्हणून सांगतो. त्यामुळे सुरुवातीला मुलांना मेसनचा रागच येतो. घोडे विकले, मारलं, सारखा ओरडतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळी मुलं टेक्सच्या बाजूने होती. पण थोडं थांबून विचारायचं, "टेक्सला न दिसलेलं काही तुम्हाला दिसतंय का?" मग हळूहळू यादी निघते. स्वयंपाकाचं बघणारा मेसन. बिलं मोजणारा मेसन. स्वतःचाही घोडा विकणारा मेसन! हो, त्याने फक्त टेक्सचा घोडा विकला नाही, आपलाही विकला. टेक्स रागात असल्यामुळे त्याला याचं काही वाटत नाही. मुलांच्या लक्षात हे आलं की वर्ग एकदम शांत होतो.

निवेदक म्हणजे काय हे व्याख्या देऊन सांगण्यापेक्षा या एका उदाहरणातून चांगलं समजतं. एकाच घरातली एकच घटना, पण सांगणारा बदलला की गोष्ट बदलते.

२) मोठ्या भावंडाचं ओझं

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं जातात ती उन्हाळा लागल्यावरच परत येतात. काही मुलं आई-वडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आणि काही घरांत सातवी-आठवीतली ताई किंवा दादा हेच धाकट्यांचं सगळं बघतात. सकाळी भाकरी, धाकट्याची वेणीफणी, पाणी भरणं, मग शाळा. ही मुलं वर्गात उशिरा येतात आणि आपण आधी विचारतो, "उशीर का?"

घोडे विकल्याचा भाग सांगून झाल्यावर सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मेसनदादाचं बरोबर आहे. त्याला पण रडायचं असंल, पण मग टेक्सकडं कोण बघंल?" तिचे आई-वडील तेव्हा कारखान्यावर होते आणि तिसरीतला भाऊ तिच्या जिवावर होता. त्या दिवसापासून वर्गात मेसनला कोणी नुसतं मेसन म्हटलं नाही, तो मेसनदादाच झाला.

मेसनचा अल्सर हा या कादंबरीतला फार बोलका तपशील आहे. अल्सर होण्याची वैद्यकीय कारणं अनेक असतात, पण इथे लेखिकेला जे सांगायचंय ते स्पष्ट आहे. मुलगा तक्रार करत नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असं नसतं. शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. दंगा करणाऱ्या टेक्सकडे सगळ्यांचं लक्ष जातं. शांतपणे घर ओढणाऱ्या मेसनकडे कोण बघतं? "किती समजूतदार पोरगं आहे" असं कौतुक करून आपण मोकळे होतो. त्या समजूतदार पोराला दुपारी डबा मिळतो का, रात्री झोप मिळते का, हे विचारायचं राहून जातं.

३) घोडा आणि मोटारसायकल

घोडा आहे तोपर्यंत टेक्सला कोणाची तरी काळजी घ्यायची असते. त्याला चारायचं, खरारा करायचा, त्याचा मूड ओळखायचा. घोडा घाबरला तर कधी कधी तो स्वतः थांबतो. मोटारसायकल तशी थांबत नाही, ती फक्त मूठ पिळेल तशी पळते. टेक्सच्या अंगातली ऊर्मी तीच असते, पण घोडा गेल्यावर ती वेगाकडे वळते.

मुलांना विचारावं : टेक्स ओढ्यावरून गाडी उडवतो आणि तोच टेक्स कैद्याच्या पिस्तुलासमोर गाडी खड्ड्यात घालतो. दोन्ही वेळा तो जीव धोक्यात घालतो. मग फरक काय? माझ्या वर्गात आलेली उत्तरं अशी : "ओढ्यावर कोणाचा जीव वाचवायचा नव्हता." "तिथं फक्त पोरं हसू नयेत म्हणून केलं." "खड्ड्यात घातली तेव्हा भाऊ शेजारी होता." धाडस आणि दांडगाई यांतला फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितला. आपण तो सांगितला असता तर उपदेश झाला असता.

शिवाय ओढ्याच्या प्रसंगात टेक्स जिंकतो आणि मित्र गमावतो, हेही दाखवावं. जॉनीला त्याने मदत केली की त्याचा पाणउतारा केला? यावर मुलं भांडून चर्चा करतात. भांडू द्यावं.

४) दोन प्रकारचे वडील

टेक्सचे वडील मोकळे सोडतात, कॉलिन्स आवळून धरतात. टेक्सला वाटतं आपले पप्पा भारी, कशालाच नाही म्हणत नाहीत. जॉनीला वाटतं टेक्सची मजा आहे. पण मोकळं सोडणं आणि लक्ष न देणं एकच आहे का? आणि कडक असणं म्हणजे काळजी असणं का? कादंबरी कोणाला चांगला-वाईट असा शिक्का मारत नाही. कॉलिन्सचं कडक वागणं मुलांना दुखावतं, पण त्यांची मुलं कुठे आहेत हे त्यांना माहीत असतं. हा प्रश्न मुलांपेक्षा पालक सभेत घेण्यासारखा आहे.

५) रक्ताचं नातं की निभावलेलं नातं?

पप्पा आपले जन्मदाते नाहीत हे कळल्यावर टेक्सची जमीन हादरते. पण मेसनला हे आधीपासून माहीत होतं, आणि तरी त्याने कधी टेक्सला परकं मानलं नाही. त्याच्यासाठी घोडे विकले, त्याच्यासाठी कॉलेज सोडायची तयारी ठेवली. कागदावर सावत्र असलेला भाऊ प्रत्यक्षात काय होता, हे वाचणाऱ्याला कळून चुकतं. वर्गात ज्या मुलांच्या घरी अशी परिस्थिती असेल त्यांचा विचार करून हा भाग फार जपून घ्यावा. कोणालाही स्वतःच्या घराचं उदाहरण द्यायला सांगू नये.

वर्गात कसे घ्यावे?

मी यासाठी पाच तासिका ठेवते.

पहिली तासिका : नकाशात ओक्लाहोमा, लेखिकेची ओळख, पात्रपरिचय आणि घोडे विकल्यापर्यंतची गोष्ट.

दुसरी तासिका : 'मेसनची वही'. मुलांनी गटात बसून दोन मुलांच्या घराचा एका महिन्याचा खर्च लिहायचा. किराणा, वीज बिल, दवाखाना, वह्या, जनावराचा चारा. प्रत्येक गटाला ठरावीक रक्कम द्यायची, मुद्दाम कमी पडेल अशी. काय कापायचं ते गटानेच ठरवायचं. गणिताचा सराव होतो आणि "घोडा का विकला?" याचं उत्तर मुलं स्वतः शोधतात.

तिसरी तासिका : ओढा आणि खड्डा, या दोन प्रसंगांची तुलना.

चौथी तासिका : लेखन. घोडे विकल्याची घटना मेसनच्या तोंडून लिहा. दहा-बारा ओळी पुरेत.

पाचवी तासिका : शेवट सांगून खालील प्रश्नांवर चर्चा.

एक सूचना : मूळ कादंबरीत अमली पदार्थांचा व्यवहार, गोळीबार आणि किशोरवयीन प्रेमाचे प्रसंग आहेत. सातवीला मी ते तपशिलात सांगत नाही. "चुकीच्या सोबतीत गेला आणि जिवावर बेतलं" एवढंच पुरतं. नववी-दहावीच्या शिक्षकांना मात्र तो भाग चर्चेला घेता येईल. शिक्षकांनी आधी पूर्ण पुस्तक स्वतः वाचावं, मगच वर्गात न्यावं.

चर्चेसाठी प्रश्न

१. मेसनने घोडे विकण्याआधी टेक्सला सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर काय झालं असतं?
२. टेक्सला वडिलांवर विश्वास का वाटतो आणि मेसनला का नाही?
३. जॉनी टेक्सवर का रागावला? तुम्ही जॉनी असता तर?
४. मेसनने गावात थांबायला हवं होतं का?
५. तुमच्या घरात तुमच्यासाठी कोणी काही सोडलंय का? (हा प्रश्न तोंडी विचारू नये. ज्याला वाटेल त्याने वहीत लिहावं.)

पालकांसाठी दोन शब्द

गाडीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. गावात बारा-तेरा वर्षांची पोरं बापाची गाडी घेऊन दळण आणायला जातात आणि आपण कौतुकाने बघतो. "आमचं पोरगं गाडी चालवायला लागलं" असं अभिमानाने सांगतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलसाठी अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळू शकतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

पण कायद्याची भीती हा एक भाग झाला. टेक्स गाडी का उडवतो याचाही विचार करा. त्याच्याकडे जे होतं ते गेलं, वडील घरी नाहीत, भाऊ सदा चिंतेत, आणि गावातली पोरं टाळ्या वाजवतात ती फक्त गाडी उडवल्यावर. आपल्या मुलाला टाळी कुठे मिळते हे आपण बघितलं पाहिजे. खेळात, शेतातल्या कामात, जनावरं सांभाळण्यात, वर्गात एखादं उत्तर दिल्यावर, कुठेतरी ती मिळाली पाहिजे. घरी मिळाली तर सगळ्यात बरं.

आणि ज्या घरी मोठी ताई किंवा दादा धाकट्यांना सांभाळतात, त्या पालकांना एकच विनंती. कारखान्यावरून, शहरातून, जिथे असाल तिथून फोन कराल तेव्हा "बाळ कसं आहे?" हे विचारताच. त्याच्या आधी फोन उचलणाऱ्या लेकराला विचारा, "तू जेवलास का? तू जेवलीस का?" त्या पोराला किंवा पोरीला हे कोणी विचारत नाही. मेसनलाही कोणी विचारलं नव्हतं.